सीए फायनलचा दुसरा ग्रुप : अभ्यास होतो आहे, पण ताण आवरत नाही

प्रश्न : सीए फायनलची विद्यार्थिनी, मंगळवार पेठ, कोल्हापूर

नमस्कार. येत्या मे महिन्यात मी सीए फायनलच्या दुसऱ्या ग्रुपला पुन्हा बसणार आहे. पहिला ग्रुप आधीच सुटला आहे. मागच्या खेपेस दुसऱ्या ग्रुपच्या तिन्ही पेपरांत चाळीसच्या वर गुण होते, परंतु तिन्ही मिळून १५० गुणांची जी अट आहे ती थोडक्यात हुकली, आणि एकाही पेपरात ६० गुण नसल्यामुळे एक्झम्प्शनही (पुढच्या खेपेस त्या पेपरातून सूट) हाती लागले नाही. म्हणजे प्रत्यक्ष कर (चौथा), अप्रत्यक्ष कर (पाचवा) आणि इंटिग्रेटेड बिझनेस सोल्युशन्स (सहावा) हे तिन्ही पेपर पुन्हा द्यायचे आहेत.

आर्टिकलशिप (सीएच्या हाताखालचे प्रशिक्षण) संपली आहे, त्यामुळे वेळ मिळत नाही अशी तक्रार नाही. अडचण वेगळीच आहे. रात्री अंथरुणाला पाठ टेकली की छातीत धडधड सुरू होते, बोटांना मुंग्या येतात, आणि कशीबशी झोप लागली तरी पहाटे जाग येऊन दिवसभर वाचलेले आठवते की नाही हे मी मनातल्या मनात तपासत राहते. सराव परीक्षेत पहिला मोठा प्रश्न वाचला की सगळे पुसून गेल्यासारखे होते; तोच प्रश्न संध्याकाळी घरी शांतपणे सोडवायला घेतला तर मात्र येतो. सहाव्या पेपरची धास्ती सर्वांत जास्त आहे, कारण पहिल्या ग्रुपचे विषय हातातून सुटून बराच काळ लोटला आणि या पेपरच्या केस स्टडीत फायनान्शियल रिपोर्टिंगपासून ऑडिटपर्यंत कशावरही प्रश्न येऊ शकतो. त्यात टेलिग्रामवरच्या ग्रुपमध्ये रोज कोणाची तरी तिसरी रिव्हिजन पूर्ण झालेली असते.

घरचे लोक काही बोलत नाहीत, उलट जपूनच वागतात. पण ते माझ्यासमोर आवाज न करता वावरतात याचेच मला अधिक ओझे वाटते. एप्रिल-मे म्हणजे आमच्याकडे लग्नसराई, आणि येणारा प्रत्येक पाहुणा "निकाल कधी?" हे विचारूनच जातो.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. पेपरसमोर बसल्यावर कोरे होणे थांबावे यासाठी अभ्यासाच्या पद्धतीत नेमके काय बदलावे? आणि रात्रीच्या धडधडीसाठी डॉक्टरांकडे जावे, की परीक्षा होईपर्यंत ती सोसावी?

प्रतिसाद : सनदी लेखापाल, शाहूपुरी

आधी एक आकडा सांगतो. मे २०२४ मध्ये, म्हणजे नव्या अभ्यासक्रमानुसार पहिल्यांदा फायनल झाली तेव्हा, दुसऱ्या ग्रुपला बसलेल्यांपैकी सुमारे ३६ टक्के विद्यार्थी उत्तीर्ण झाले. दर तिघांतील जवळजवळ दोघांना तो ग्रुप त्या वेळी सुटला नाही. तेव्हा हा ग्रुप राहणे हा कोणाच्या बुद्धीवर दिलेला निकाल नसतो, हे कृपया मनाशी पक्के करा. आपल्या बाबतीत तर तिन्ही पेपरांत चाळीसची अट पार झालेली आहे. उणीव एकत्रित गुणांची होती, आणि ती कोणत्या पेपरातून भरून काढता येईल हे कागद-पेन घेऊन ठरवता येण्यासारखे आहे. मला तिन्ही पेपरांत पन्नास-पन्नास गुण गोळा करण्यापेक्षा ज्या पेपरावर आपली पकड अधिक आहे तिथे साठच्या पुढे जाण्याची तयारी करणे शहाणपणाचे वाटते. एकत्रित गुणांना हातभार लागतो, आणि काही कारणाने ग्रुप पुन्हा राहिलाच तरी त्या पेपरात एक्झम्प्शन हाती राहते. अशी एक जागा सुरक्षित आहे हे माहीत असले की उरलेल्या दोन पेपरांचे दडपणही कमी होते, असे माझ्याकडच्या आर्टिकल्सच्या (प्रशिक्षणार्थींच्या) बाबतीत मी पाहिले आहे.

आता कोरे होण्याविषयी. सराव परीक्षेत जो प्रश्न सुटत नाही तोच संध्याकाळी घरी सुटतो, असे आपण लिहिले आहे. म्हणजे विषय येतो, पण घड्याळासमोर तो लिहिण्याची सवय अजून झालेली नाही. फायनलचे पेपर दुपारी दोनला सुरू होतात, त्याआधी पंधरा मिनिटे वाचनासाठी मिळतात, आणि पाचपर्यंत लिहायचे असते. सहावा पेपर चार तासांचा असल्याने तो सहापर्यंत चालतो. आपल्याकडे बहुतेक विद्यार्थी पहाटे आणि रात्री अभ्यास करतात आणि दुपारी जेवून आडवे होतात. मग ज्या वेळेला मेंदूला विश्रांतीची सवय लावलेली असते नेमक्या त्याच वेळेला त्याच्याकडून सर्वाधिक काम मागितले जाते. म्हणून आजपासूनच पावणेदोन ते पाच हा वेळ फक्त लिहिण्यासाठी ठेवा. वाचन, नोट्स, लेक्चर हे सारे सकाळी आणि संध्याकाळी.

लिहितानाचा हिशेबही आधीच ठरलेला असावा. चौथ्या आणि पाचव्या पेपरात ३० गुण बहुपर्यायी प्रश्नांना आणि ७० गुण वर्णनात्मक प्रश्नांना असतात. बहुपर्यायी प्रश्नांना चाळीस मिनिटे दिली तर १४० मिनिटे उरतात, म्हणजे वर्णनात्मक भागात प्रत्येक गुणाला दोन मिनिटे. चौदा गुणांचा प्रश्न अठ्ठाविसाव्या मिनिटाला सोडायचा, तो पूर्ण झालेला असो वा नसो. बहुपर्यायी प्रश्नांत चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत, त्यामुळे एकही गोल रिकामा ठेवण्याचे कारण नाही. हा हिशेब अंगवळणी पडला की पहिला प्रश्न अवघड निघाला तरी धक्का बसत नाही. फार तर त्या प्रश्नाचे गुण जातील, पेपर जाणार नाही, हे आपल्याला आधीच माहीत असते.

सहाव्या पेपरबाबत आपण पहिला ग्रुप संपूर्ण पुन्हा वाचायला घेऊ नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. हा पेपर ओपन बुक आहे. कोणते सूत्र पाठ आहे याला तिथे फारसे महत्त्व नाही. कोणती गोष्ट कुठे सापडेल हे माहीत असणे महत्त्वाचे. पहिल्या ग्रुपच्या प्रत्येक विषयाची दोन-तीन पानांची स्वतःच्या हाताने केलेली अनुक्रमणिका तयार करा, जीत इंड-एएस (भारतीय लेखा मानक) क्रमांक, ऑडिटचे स्टँडर्ड आणि पुस्तकातील पान शेजारी-शेजारी असेल. त्यानंतर इन्स्टिट्यूटने (सीएची परीक्षा घेणाऱ्या आयसीएआय या संस्थेने) प्रसिद्ध केलेल्या केस स्टडी ती अनुक्रमणिका हाताशी ठेवून सोडवा. शोधायला किती वेळ लागतो हे एकदा कळले की "काहीही येऊ शकते" ही भीती आपोआप आटोक्यात येते.

आणि साहित्य वाढवू नका. स्टडी मटेरियल, आरटीपी (रिव्हिजन टेस्ट पेपर), एमटीपी (मॉक टेस्ट पेपर), मागील परीक्षांची सजेस्टेड आन्सर्स आणि आपल्या परीक्षेला लागू असलेले कायद्यातील बदल एवढे पुरेसे आहे. परीक्षेच्या तोंडावर कोणा नव्या शिक्षकांचे चार्ट हाती घेणाऱ्या विद्यार्थ्यांची घालमेल मी जवळून पाहिली आहे, आणि त्या चार्टमुळे कोणाचा ताण कमी झालेला मला आठवत नाही.

प्रतिसाद : मानसोपचारतज्ज्ञ, राजारामपुरी

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सरळ देते : परीक्षा होईपर्यंत सोसू नका, आधी दाखवून घ्या. तरुण मुलींमध्ये धडधडीमागे कधीकधी हिमोग्लोबिन कमी असणे किंवा थायरॉईडचा बिघाड असतो. आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडून तपासणी, साध्या रक्तचाचण्या आणि गरज वाटल्यास ईसीजी करून घेतला की एक मोठी शंका मिटते. सगळे ठीक निघाले तर धडधड होताना "हृदयाला काही झाले असेल का" ही भीती तरी उरत नाही, आणि ही भीतीच धडधड वाढवीत असते.

बोटांना मुंग्या येण्याबद्दल आपण लिहिले आहे, ते ताणाच्या चित्राशी जुळते. चिंतेत आपण नकळत भरभर श्वास घेतो, त्यामुळे रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होतो, आणि त्यातून मुंग्या येणे, डोके हलके होणे, श्वास पुरत नाही असे वाटणे हे सारे घडते. माणूस घाबरून आणखी मोठे श्वास घेतो आणि त्रास वाढतो. यावर उपाय श्वास संथ करण्याचा आहे, मोठा करण्याचा नव्हे. नाकाने हलका श्वास घ्यावा, सोडताना घेण्यापेक्षा जास्त वेळ लावावा, मिनिटाला साधारण सहा श्वास होतील अशा गतीने पाच मिनिटे. हे त्रास सुरू झाल्यावरच करू नये. दिवसा, मन शांत असतानाही रोज करावे, म्हणजे गरजेच्या वेळी शरीराला ते ओळखीचे असते.

झोपेबाबत मला थोडे अधिक बोलायचे आहे, कारण माझ्याकडे येणारे विद्यार्थी सर्वांत आधी झोपेवरच कात्री चालवतात. दिवसा वाचलेले पक्के होण्याचे काम बऱ्याच अंशी झोपेत होते, त्यामुळे झोप तोडून वाढवलेला अभ्यास पदरात कमी पडतो. चहा-कॉफीतील कॅफिनचे शरीरातील प्रमाण निम्मे होण्यास साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी सहाला घेतलेल्या कॉफीचा अर्धा अंश अकरा वाजताही आपल्यासोबत जागाच असतो. दुपारनंतरची कॉफी बंद करून पाहा. झोपायच्या आधीचा एक तास पुस्तक आणि मोबाइल दोन्ही बाजूला ठेवा. अंथरुणावर वीसेक मिनिटांत झोप लागली नाही तर तिथेच तळमळत न पडता उठून दुसऱ्या खोलीत बसा, मंद उजेडात काही हलकेसे करा आणि डोळे जड झाल्यावरच परत या. पहाटे जाग आल्यावर उजळणी तपासत राहणे मात्र कटाक्षाने थांबवा. त्यासाठी उशाशी एक वही ठेवा, मनात आलेला विषय एका ओळीत लिहा आणि त्याचा विचार सकाळच्या टेबलावर सोपवा.

कोरे होण्याबाबत वर सांगितलेला दुपारच्या लेखनसरावाचा सल्ला मला वैद्यकीयदृष्ट्याही योग्य वाटतो. त्यात एक भर घालते. एका वेळी मनात धरून ठेवता येईल अशी माहिती थोडीच असते, आणि ती जागा काळजीने व्यापली की गणितासाठी काही उरत नाही. २०११ साली 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात परीक्षेच्या लगेच आधी दहा मिनिटे स्वतःच्या भीतीविषयी मोकळेपणाने लिहिलेल्या विद्यार्थ्यांचे, विशेषतः ज्यांना परीक्षेची फार धास्ती वाटत असे अशांचे, गुण सुधारल्याचे दिसले होते. सराव पेपरच्या आधी हे करून पाहा. जे लिहाल ते कोणाला दाखवायचे नाही, आणि नंतर कागद फाडून टाकलात तरी चालेल.

मैत्रिणीने दिलेली झोपेची किंवा धडधड थांबवणारी गोळी कृपया घेऊ नका. धडधडीवर दिली जाणारी काही औषधे दमा असलेल्या व्यक्तीला धोकादायक ठरू शकतात, आणि झोपेच्या गोळ्यांची गुंगी दुसऱ्या दिवशीच्या पेपरपर्यंत रेंगाळू शकते. औषध लागलेच तर ते तपासून, मोजून आणि परीक्षेच्या पुरेसे आधी सुरू झाले पाहिजे.

उदासपणा, कशातच मन न लागणे, भूक जाणे असे दोन आठवडे सतत राहिले, किंवा जगणे नकोसे वाटण्याचा विचार एकदाही मनात आला, तर त्याच दिवशी घरातील कोणाला तरी सांगा आणि मदत घ्या. केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य आहे, ती चोवीस तास चालते आणि मराठीतही बोलता येते. आपल्या सीपीआर रुग्णालयातही मानसोपचार विभाग आहे. तिथे जाताना कोणी पाहील का, असा संकोच अनेकांना वाटतो. डोळे तपासायला जाताना तो वाटत नाही, मग इथेही वाटू नये अशी माझी मनापासूनची इच्छा आहे.

प्रतिसाद : नुकताच सीए झालेला, इचलकरंजी

ताई, मी मे २०२५ च्या परीक्षेला होतो. त्या वेळी सीमेवरील तणावामुळे ९ ते १४ मे दरम्यानचे पेपर ऐन वेळी पुढे ढकलले गेले आणि नंतर त्याच महिन्यात घेतले गेले. दुसऱ्या ग्रुपचा एक पेपर झालेला आणि दोन अधांतरी, अशी आमची अवस्था होती. त्या दिवसांत टेलिग्रामवर दर तासाला नवी तारीख फिरत असे आणि त्यातली प्रत्येक तारीख खरी मानून काही मित्रांनी वेळापत्रक पुन्हा पुन्हा मोडले. मी आणि माझ्या खोलीतील मित्राने एवढेच ठरवले की सकाळी एकदा इन्स्टिट्यूटचे संकेतस्थळ पाहायचे, बाकी कोणाचे काही वाचायचे नाही. अभ्यास फार वाढला असे नाही, पण मन ठिकाणावर राहिले. तुमच्या त्या ग्रुपमधून आजच बाहेर पडा, असे मी सुचवेन. कोणाची तिसरी रिव्हिजन झाली याचा तुमच्या उत्तरपत्रिकेशी काही संबंध नाही, आणि ती खरोखर झाली का हेही कोणी तपासलेले नसते.

वरील सरांच्या एका सूचनेत मात्र थोडा बदल सुचवतो. रोज पूर्ण तीन तासांचा पेपर लिहिणे मला झेपले नव्हते. तपासायला वेळ उरत नसे आणि संध्याकाळ थकव्यात जाई. मी आठवड्यातून दोन पूर्ण पेपर लिहीत असे आणि इतर दिवशी त्याच दुपारच्या वेळेत दोन मोठे प्रश्न घड्याळ लावून सोडवीत असे. लिहिलेले दुसऱ्या दिवशी सजेस्टेड आन्सर्सशी ताडून पाहिले की कोणती ओळ राहिली, कोणत्या तरतुदीचा उल्लेख सुटला हे दिसायचे. चुकांची ती यादी पुढे माझी शेवटच्या दिवसाची रिव्हिजन झाली.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. मे महिन्यात वळीव आला की संध्याकाळची वीज जाते, हे आपल्या भागात ठरलेले आहे. संध्याकाळी ऑनलाइन लेक्चर ठेवले आणि वीज गेली की दिवस फुकट गेल्याची चुटपुट लागते. ऑनलाइन जे काही असेल ते सकाळी उरकून घ्या. संध्याकाळसाठी छापील किंवा हाताने लिहिलेलेच साहित्य ठेवा.

प्रतिसाद : एका सीए मुलाची आई, शिवाजी पेठ

तुझ्या आईच्या वयाची आहे म्हणून एकेरी लिहिते. घरातले लोक आवाज न करता वावरतात याचे ओझे वाटते, असे तू लिहिलेस ते वाचून थांबले, कारण आम्हीही तेच केले होते. मुलाच्या खोलीपाशी कोणी बोलायचे नाही, टीव्ही बंद, पाहुण्यांना परस्पर वाटेला लावायचे. शेवटी त्यानेच एकदा सांगितले की घर नेहमीसारखे चालू द्या, मला काहीतरी गंभीर आजार झाल्यासारखे वाटते. तूही घरी असे स्पष्ट सांग. त्यांना काय करू नये हे सांगण्यापेक्षा काय करावे ते सांगितलेस तर त्यांनाही बरे वाटेल. रात्रीचे जेवण सर्वांनी मिळून करायचे आणि त्या वेळी परीक्षेचा विषय काढायचा नाही, एवढे ठरवलेस तरी पुष्कळ.

पाहुण्यांची जबाबदारी तुझी नाही, ती आईवडिलांवर सोपव. "निकाल लागला की आम्हीच कळवू" एवढे एक वाक्य त्यांनी बोलावे. लग्नाला जायचे वाटले तर अक्षतांपुरती जाऊन ये. दोन तास हसून-बोलून आल्याने अभ्यास बुडत नाही, पण जायचे की नाही यावर चार दिवस घालवले तर नक्की बुडतो. आणि परीक्षेच्या दिवसांत दुपारचे जेवण हलके आणि लवकर घे. आपल्याकडचा तांबडा-पांढरा, भाकरी आणि वर भात असे जेवून दोन वाजता कोणी ताजेतवाने बसू शकत नाही.

प्रश्नकर्तीचे उत्तर

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिलेत, मनापासून आभार. टेलिग्रामचा ग्रुप आजच सोडला आहे आणि उद्या सकाळी आमच्या डॉक्टरांकडे जाणार आहे. एक शंका राहते. दुपारी घरात लिहायला बसले तर उकाडा आणि जेवणानंतरची सुस्ती यांमुळे पहिला अर्धा तास डोळे मिटतात. अभ्यासिकेत बसावे, की घरीच सवय करावी? आणि रोज संध्याकाळी रंकाळ्यावर फिरायला जायचे, ते अभ्यासासाठी बंद करावे का?

प्रतिसाद : सनदी लेखापाल, शाहूपुरी

पूर्ण पेपर ज्या दिवशी लिहाल त्या दिवशी अभ्यासिकेत बसा. परक्या टेबलावर, आजूबाजूला खुर्च्या सरकत असताना, लोक ये-जा करत असताना लिहिण्याची सवय परीक्षा केंद्रावर उपयोगी पडते. परीक्षेच्या हॉलमध्ये गारवा आणि शांतता मिळेलच असे धरून चालू नये. इतर दिवशी घरीच बसावे, म्हणजे जाण्यायेण्यात वेळ जाणार नाही. सुस्तीसाठी जेवण साडेअकराच्या सुमारास आटोपा आणि लिहायला बसण्यापूर्वी दहा मिनिटे घरातल्या घरात चाला. सुरुवात बहुपर्यायी प्रश्नांनी करा. लहान-लहान निर्णय घेत गेले की झोप उडते आणि पहिला मोठा प्रश्न येईपर्यंत हातही चालू लागलेला असतो. इचलकरंजीच्या मित्राने सुचवलेला आठवड्याला दोन पूर्ण पेपरांचा क्रम माझ्या सूचनेपेक्षा अधिक व्यवहार्य आहे, तोच ठेवा.

रंकाळ्याचे फिरणे बंद करू नका. फक्त जाताना कानात लेक्चर लावू नका.

प्रतिसाद : मानसोपचारतज्ज्ञ, राजारामपुरी

फिरण्याबाबत पूर्ण सहमत. नियमित चालण्याने रात्रीची झोपही सुधारते. उद्याच्या तपासणीत अहवाल काहीही आले तरी ते जपून ठेवा. ते सर्व ठीक असूनही धडधड आठवडाभरात कमी झाली नाही, तर परीक्षेला पुरेसा अवधी आहे तोवरच मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घ्या.